काळी चार

आमच्या गावच्या भजनी मंडळात शिरायला अर्ज करावा लागत नाही, वर्गणी भरावी लागत नाही आणि आवाजाची परीक्षाही कोणी घेत नाही. तुम्ही गुरुवारी रात्री जेवण आटोपून देवळाच्या पायरीवर जाऊन बसता. दुसऱ्या गुरुवारी पायरी सोडून आत खांबाला टेकता. तिसऱ्या गुरुवारी कोणी तरी तुमच्याकडे न पाहताच एक टाळजोडी तुमच्या पुढ्यात सरकवतो. झाले, तुम्ही सभासद! राजीनाम्याची सोय मात्र नाही. एकदा टाळ हातात घेतला की पाऊस असो, पाहुणे असोत, गुडघा दुखत असो, जागा रिकामी दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी तरी दारात उभे राहते आणि "काय गुरुजी, बरे आहे ना?" म्हणून विचारते. त्या विचारण्यात काळजी किती आणि जाब किती, हे मला अजून ओळखता आलेले नाही.

कर्जतहून खोपोलीकडे जो आगगाडीचा फाटा जातो, त्या फाट्याच्या कडेने आमचे गाव आहे. हा फाटा १८५६ सालचा, म्हणजे बोरघाटातून गाडी जाऊ लागली त्या १८६३ सालाहूनही जुना. पूर्वेला ढाक आणि राजमाची, पश्चिमेला माथेरानचा लांब पसरलेला डोंगर, मध्ये भाताची खाचरे. मुंबईला चाळीस वर्षे मुलांना शुद्धलेखन शिकवून झाल्यावर मी इथे येऊन राहिलो, तो निवांत गाता यावे म्हणून. तरुणपणी गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा परीक्षा दिली होती. पुढे संसार आणि लोकलगाडी यांच्या धकाधकीत तंबोऱ्याला गवसणी पडली ती पडलीच. इथे आल्यावर ती काढली. रोज संध्याकाळी ओटीवर बसून यमन नाही तर भूप आळवू लागलो. ऐकायला समोरची गाय आणि आमच्या सौभाग्यवती. त्यातली गाय अधूनमधून मान हलवी.

"एकटे एकटे काय गाता? देवळात जा," असे सौभाग्यवतींनी एक दिवस सांगितले. त्यात माझ्या गाण्याविषयीचे प्रेम होते की संध्याकाळच्या शांततेविषयीचे, ते मी विचारले नाही.

देवळात गेल्यावर पहिला धक्का बसला तो पट्टीचा. मी गातो काळी एकमध्ये. आमच्या बुवांची पट्टी काळी चार. ज्यांना पेटीची ओळख आहे त्यांना यातली गोम कळेल. माझा पंचम तो बुवांचा षड्ज! मी जिथे चढून जाऊन क्षणभर विसावा घेतो, तिथून त्यांचा प्रवास सुरू होतो. भजनी माणसाला उंच पट्टीचा मोठा अभिमान असतो आणि त्यामागे कारणही आहे. दहा टाळ आणि एक पखवाज यांच्या कल्लोळातून शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा, तर आवाज वरूनच जायला हवा. मैफलीतल्या गवयासारखे गळ्यातल्या गळ्यात घोळवून इथे चालत नाही.

मग माझ्यासारख्याने गावे कसे? ते मला शेजारच्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने न सांगता शिकवले. बुवांनी धृपद टाकले की ते सरळ एक सप्तक खाली उतरून तेच धृपद म्हणत. मीही उतरलो. माझ्या मंद्र पंचमावर येऊन बसलो आणि पाहतो तो काय, जागा अगदी ऐसपैस! वर बुवांचा धारदार आवाज, खाली आम्हा दोघातिघांची गुणगुण, आणि मध्ये टाळांचा झणत्कार. स्वर एकच, पण दोन मजली.

नोकरीत असताना मुंबईत एकदा मी परंज्योती अकॅडमी कोरसचे गाणे ऐकले होते. व्हिक्टर परंज्योती यांनी १९५० नंतरच्या दशकात हा वृंद उभा केला आणि त्यांच्या मागे कूमी वाडिया यांनी तो कितीतरी वर्षे चालवला. गाणारी मंडळी सारी हौशी. दिवसा आपापली कामे करायची आणि संध्याकाळी जमून युरोपातल्या जुन्या संगीतकारांच्या रचना बसवायच्या. त्या गाण्यात बायकांचे दोन आवाज, पुरुषांचे दोन, असे चार थर असतात. प्रत्येक थर निराळी चाल गातो आणि चारी मिळून एक इमारत उभी राहते. मला त्यातले शास्त्र फारसे कळले नाही. पण एक गोष्ट लक्षात राहिली होती. त्यांचा लांबलेला स्वर मध्ये कुठे तुटत नव्हता. शेजारी-शेजारी उभे असलेले गायक एकाच वेळी श्वास घेत नाहीत; एक घेतो तेव्हा दुसरा गात राहतो. हे म्हणे मुद्दाम शिकवावे लागते. आमच्या देवळात ते कोणी कोणाला शिकवलेले नाही. माझा दम संपला की शेजारचे म्हातारबुवा असतातच आणि त्यांना खोकला आला की मी असतो. एकट्याने गाताना श्वास घेणे म्हणजे एक चोरी वाटते. इथे ती वाटत नाही.

आणि किती माणसे असावीत? तुकोबांच्या मागे चौदा टाळकरी उभे राहत, असे परंपरा सांगते. मला तो आकडा फार शहाणपणाचा वाटतो. चौदा माणसांत प्रत्येकाचा आवाज हरवतो, पण एखादा आला नाही तर ते कळतेही. आम्ही अकरा होतो. बुवा अधूनमधून म्हणत, "तीन कमी आहेत." जणू ते तिघे वाटेत कुठे तरी चहाला थांबले आहेत!

तिघे कुठे गेले ते सर्वांना ठाऊक होते. ते गाडीत होते. कर्जत ते मुंबई शंभर किलोमीटर, दोन तास जायला, दोन तास यायला. पहाटे अंधारात निघालेला मुलगा रात्री अंधारात परततो, तो देवळात कधी येणार? पण या लोकलगाड्यांतूनही भजने चालतात. ठरलेला डबा, ठरलेला कोपरा, आणि टाळ नसला तर डब्याच्या पत्र्यावर ठेका. आमच्या अकरांतले दोघे असे गाडीतले भजनी आहेत. त्यांची लय नेहमी थोडी पुढे धावते. बुवा म्हणतात, ठाण्याच्या पुढे गाडी जलद होते, त्याची ती सवय!

बुवांशी माझा एक वाद मात्र बरेच दिवस चालला. काकड्याला पहाटे भूपाळ्या म्हणतात. मी म्हटले, "बुवा, भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. पहाटे कसा चालेल?" बुवांनी विचारले, "मग पहाटे काय चालेल?" मी सांगितले, "देसकार. स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूपात गंधारावर भर, देसकारात धैवतावर." बुवांनी डोळे मिटले, एक भूपाळी मनातल्या मनात म्हणून पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, देवाला उठवायचे आहे. तो गंधारावर उठला काय नि धैवतावर उठला काय!" यावर मध्यमा परीक्षेच्या पुस्तकात उत्तर नव्हते. पुढे मीच नीट ऐकू लागलो तेव्हा जाणवले की बुवांची एक जुनी भूपाळी धैवतावरच रेंगाळत होती. रागाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते, पण पहाटेची जागा त्यांच्या गळ्याला ठाऊक होती. हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी ते मोठ्या उदारपणाने मान्य केले.

काकडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर रोज पहाटे तो चालतो. तुपात भिजवलेल्या कापडाच्या जाड वातीने, म्हणजे काकड्याने, देवाला ओवाळायचे. मग भूपाळ्या, अभंग, वासुदेव, जोगी, आंधळे-पांगळे, गौळणी, आणि शेवटी आरती. सारे पाठ हवे. मला पहिल्या वर्षी वही घेऊन बसावे लागे आणि समईच्या उजेडात माझेच अक्षर मला लागत नसे! बाहेर गारठा, उल्हासकडून वर येणारे धुके, आणि कापणीला आलेल्या भाताचा वास. आरती झाली की कोणी विळा घेऊन खाचराकडे जातो, कोणी डबा घेऊन स्टेशनाकडे. पखवाजवाले काका पखवाजाच्या धुमेवरची ओली कणीक खरवडून काढतात आणि ती देवळामागच्या मुंग्यांना घालतात. महिन्यात एक पहाटही चुकवायची नाही, असा इथला दंडक आहे. कोणी घातला, केव्हा घातला, कोण जाणे. पण आपल्या हातून तो मोडू नये, असे प्रत्येकाला वाटते.

गेल्या वर्षी तो मोडण्याची पाळी आली होती.

अश्विन वद्य दशमीला संध्याकाळी बुवांचे थोरले बंधू वारले. तेच आमचे विणेकरी. बोलणे फार नाही, गाणेही फार नाही. वीणा छातीशी धरून उभे राहायचे आणि स्वर धरून ठेवायचा, एवढेच ते आयुष्यभर करत आले. मुंबईची नातेवाईक मंडळी सकाळपर्यंत यायची होती, म्हणून रात्रभर भजन बसवायचे ठरले. आमच्या भागात भजनी मंडळाचे हे मोठे काम. लग्नाला बँड लागतो, बारशाला बायका लागतात. पण ज्या घरी माणूस गेला आहे तिथे भजनी बोलवावे लागत नाहीत, ते आपण होऊन जातात. मी मात्र पहिल्यांदाच गेलो.

पडवीत त्यांना ठेवले होते. उशाशी दिवा. घरातल्या बायका आतल्या खोलीत. आम्ही अंगणात सतरंजीवर. मला वाटले होते की आज बुवा गाणार नाहीत, दुसरे कोणी सुरुवात करील. पण बुवाच पुढे बसले. नेहमीसारखा जयजयकार झाला, मग रूपाचा अभंग. काळी चार. आवाज जराही खाली नव्हता. पखवाजवाल्या काकांनी ठेका फार हलका ठेवला होता आणि टाळ आम्ही बोटांनी दाबून वाजवत होतो. देवळातली वीणा कोणी तरी आणून ठेवली होती. ती भिंतीला टेकून उभी होती, कारण तिला उचलायला कोणी पुढे होत नव्हते. तिसऱ्या अभंगाला बुवांनी गाता गाता माझ्याकडे पाहिले आणि हनुवटीने वीणेकडे खूण केली. मी उठलो, वीणेच्या पाया पडलो आणि ती गळ्यात घेतली.

विणेकऱ्याने बसायचे नसते. बाराच्या पुढे मला पायांची शुद्ध राहिली नाही. पण एक गोष्ट त्या रात्री कळली. आतून रडण्याचा आवाज आला की बुवा धृपद पुन्हा घेत आणि आम्ही सारे त्यावर येत असू. रडणे त्याखाली झाकले जाई, दडपले मात्र जात नसे. दोन्ही आवाज एकाच अंगणात राहत होते. शहरात माणूस गेला की आपण हळू बोलतो, चपला न वाजवता चालतो, आणि ती शांतता घरच्यांच्या अंगावर सोडून परत येतो. इथे ती रात्र अकरा माणसांनी वाटून घेतली. पहाटे चारला बुवांचा आवाज एकदा चिरकला. क्षणभर काहीच नव्हते, फक्त ठेका. मग शेजारच्या म्हातारबुवांनी खालच्या सप्तकात ओळ उचलली, बाकीच्यांनी धरली आणि बुवांनी पुढच्या आवर्तनाला ती परत घेतली. श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच गेला असेल.

सकाळी सारे आटोपून आल्यावर प्रश्न उभा राहिला काकड्याचा. बुवांना दहा दिवसांचे सुतक. त्यांना देवळात येता येईना. एवढेच असते तर निभावले असते. पण अकरांतले सहा त्यांच्या भावकीतले, म्हणजे तेही सुतकात. उरलो पाच. मी, पखवाजवाले काका, गाडीतले दोघे आणि सत्तरी उलटलेले म्हातारबुवा. त्यातून पुढे होऊन गाणारा एकही नाही. "गुरुजी, तुमची परीक्षा झालेली आहे," असे काकांनी मला सुनावले. आयुष्यात त्या प्रमाणपत्राचा प्रथमच कोणाला उपयोग होत होता!

पण पट्टीचे काय? पखवाज काळी चारचा. तो काही एका रात्रीत पाच सूर उतरत नाही. उतरवला तर शाई बोलेनाशी होते. माझ्यापुढे दोनच वाटा. वरच्या सप्तकात गावे तर दुसऱ्या चरणाला गळा बसणार. खालच्या सप्तकात गावे तर टाळांत बुडून जाणार. पहिल्या पहाटे मी खालीच गायलो. पाच माणसांचा तो घुमा आवाज ऐकून देव जागा झाला असेल, असे मला वाटत नाही. मलाच पेंग येत होती.

दुसऱ्या पहाटे काय झाले ते सांगतो. काकड्याला रोज दहापंधरा बायका येतात आणि मागच्या भिंतीशी बसतात. संध्याकाळी त्यांचा हरिपाठ असतो तो निराळा. काकड्याला त्यांनी म्हणायचे नाही असा काही नियम नाही, पण त्या मनातल्या मनात म्हणत. भूपाळीच्या दुसऱ्या कडव्याला मागून एक आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. पखवाजवाल्या काकांच्या वहिनी. त्यांच्यामागे आणखी दोघी. काळी चार ही बायकांची घरचीच पट्टी! त्यांना चढावे लागले नाही, ताणावे लागले नाही. आम्ही पाच जण ज्या स्वरावर खाली बसलो होतो, त्याच स्वरावर त्या वर उभ्या राहिल्या. दुसरा मजला पुन्हा बांधला गेला. मी मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते तर त्या थांबल्या असत्या, अशी मला भीती वाटली. काकांनी मात्र ठेका मोकळा सोडला.

आणि गंमत पाहा, त्या बायकांना सारा काकडा पाठ होता! वासुदेव, जोगी, आंधळे-पांगळे, क्रमाने. वर्षानुवर्षे भिंतीशी बसून त्यांनी तो साठवला होता. माझी वही मी तिसऱ्या दिवशी घरीच ठेवली. मी चुकीचे कडवे घेणार असे दिसले की मागून पुढचा शब्द हळूच येई.

नरकचतुर्दशीला साऱ्या गावाने तीनलाच अभ्यंगस्नान केले आणि उटण्याच्या वासाने देऊळ भरून गेले. ओट्याओट्यावर पणत्या होत्या. बुवांच्या आणि भावकीच्या घरांवर नव्हत्या. देवळाकडे येण्याची वाट त्यांच्या अंगणावरूनच जाते. अंधारात ओट्यावर कोणी तरी घोंगडी पांघरून बसलेले मला दिसले. आम्ही बोललो नाही. आरती झाल्यावर परतताना उजाडले होते. बुवा तसेच बसले होते. मी अंगणाबाहेर थांबलो.

"ऐकू येते ना?" मी विचारले.

"येते," ते म्हणाले. "गौळण धावते आहे. त्या दोघा गाडीवाल्यांना सांगा, दिवाळीची सुट्टी आहे, लोकल गाठायची नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "वीणा उतरली आहे. खालची तार बघा." तार खरोखरच उतरली होती. इतक्या दुरून, टाळांतून, घोंगडीतून त्यांना ते कसे ऐकू आले असेल?

सुतक फिटल्यावर ते देवळात आले. मी वीणा त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तिला हात लावून तो कपाळी नेला आणि टाळांच्या राशीतून आपली जोडी उचलली. "ती राहू द्या तुमच्याकडे," एवढेच म्हणाले. मग जयजयकार केला, रूपाचा अभंग घेतला आणि धृपदावर मागून बायकांचा आवाज येताच एकदम थांबले. सारे देऊळ स्तब्ध. गाडीवाल्यांपैकी एकाने तर टाळ खाली ठेवला. बुवा मागे वळून म्हणाले, "वहिनी, भिंतीशी बसून लय कळत नाही. पुढे या. आणि नुसते म्हणू नका, टाळ घ्या."

टाळ घ्यायला टाळ होते कुठे? महिनाअखेर काला झाला आणि कार्तिक वद्यात आमच्या भागातल्या दिंड्या आळंदीला निघाल्या, तशी आमचीही निघाली. खोपोलीवरून घाट चढायचा, शिंग्रोबापुढे हात जोडायचे, लोणावळ्याकडे सुटायचे. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, असे सांगतात, त्याचे ते ठाणे. तिथे ट्रकवाले थांबतात, तिथे दिंडी थांबणार नाही तर काय? आळंदीला बुवांनी स्वतः दुकानात बसून एकेक जोडी कानाशी वाजवून पाहिली आणि सहा निवडल्या. यंदाच्या कोजागरीला मी मोजले, तर आम्ही एकोणीस भरलो. तुकोबांच्या हिशेबापेक्षा पाच जास्त! बुवांना सांगितले, तर ते म्हणाले, "जास्त असू द्या. कापणी आहे, आजारपणे आहेत. रोज चौदा तरी उभे राहतील."

सहा जोड्यांतली एक मात्र हलकी निघाली. वहिनी म्हणतात तिचा नाद टिकत नाही. ती बदलून आणायची आहे, आणि दुकानाची पावती माझ्याकडे नाही, पखवाजवाल्या काकांकडेही नाही.